मुंबईचे पाणी, डास आणि माणसे



व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट येतात, तह आणि लढाया येतात. आज मी ज्या लढाईविषयी बोलणार आहे तिचे रणांगण एखाद्या विहिरीच्या तोंडाएवढे, कधी कधी तर पाण्याच्या पिंपाएवढेच आहे. तरीही या लढाईत आपल्या शहरात जितकी माणसे पडली तितकी इथल्या कुठल्याही वेढ्यात पडली नसतील. पाण्यावर आणि पाण्याखाली राहणारे कीटक कोणी पाहिले, का पाहिले, त्यातून काय कळले, आणि कळल्यावर आपण काय केले, असा हा विषय आहे. वांद्र्यात उभे राहून तो सांगायला एक सोयीचे साधन जवळच आहे. स्टेशनापासून चार पावलांवरचे आपले तळे, ज्याला आता स्वामी विवेकानंद सरोवर म्हणतात.

प्रथम पाहायचे काय ते सांगतो. कुठल्याही जुन्या, जित्या तळ्याच्या काठी दहा मिनिटे स्वस्थ उभे राहिले की पाण्यावरची वस्ती दिसू लागते. लांब पायांच्या पाणनिवळ्या पाण्यावरून घसरत जातात. त्यांच्या पावलांवर बारीक लव असते आणि पाण्याच्या पृष्ठभागाला ताणलेल्या कातड्यासारखा ताण असतो, म्हणून त्या बुडत नाहीत. पाण्यात पडलेला एखादा किडा धडपडू लागला की त्याच्या हालचालीने उठलेली लाट त्यांना पायाने कळते आणि त्या धाव घेतात. भोवऱ्यासारखे गरगरणारे काळे किडे, उताणे पोहणारे किडे, शेपटीची नळी वर काढून श्वास घेणारा पाणविंचू हे सर्व शिकारी आहेत. काठच्या गवतावर चतुर आणि टाचण्या बसलेल्या असतात. चतुराचे पंखांचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे असते. त्याआधी त्याने कित्येक आठवडे, कधी महिनेही, पाण्याखाली अळी म्हणून काढलेले असतात, आणि तिथे तो खालचा ओठ हातासारखा पुढे फेकून भक्ष्य पकडतो. त्या भक्ष्यात डासांच्या अळ्याही असतात.

डासाची अळी पाहायला मात्र तळ्यावर जाण्याची गरज नाही. आठ दिवस न हलविलेले पिंप पुरे होते. पाण्याच्या पृष्ठभागाशी तिरकी, डोके खाली करून लोंबणारी अळी ही आपल्या नेहमीच्या गटारातल्या डासाची. ती शेपटीकडच्या नळीने श्वास घेते. हिवतापाच्या डासाच्या अळीला ती नळी नसते, म्हणून ती पृष्ठभागालगत आडवी, काडीसारखी पडून राहते. तो डास मोठा झाल्यावर भिंतीवर बसतो तोही शेपूट वर करून. एवढा भेद शाळेतल्या मुलालाही पाच मिनिटांत शिकविता येतो. पण हा भेद ध्यानात यायला आणि त्याचा अर्थ लागायला जगाला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

तोवर समजूत अशी होती की हिवताप दलदलीच्या कोंदट, दूषित हवेने होतो. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’ असा आहे. ही समजूत ज्या दिवशी मोडली तो दिवस २० ऑगस्ट १८९७. सिकंदराबादेत लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या पोटात, सूक्ष्मदर्शकाखाली, हिवतापाचे जंतू दिसले. पुढल्या वर्षी कलकत्त्याला त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर तो शोध पूर्णत्वास नेला, इटलीतल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या बाबतीत तो सिद्ध केला, आणि १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इतके सर्व पाठ्यपुस्तकात असते.

पाठ्यपुस्तकात नसते ते असे. त्या ऑगस्टच्या मध्यावर रॉस यांच्या हाताखालच्या एका माणसाने बाटलीभर अळ्या आणून दिल्या. त्या अळ्यांतून पंखांवर ठिपके असलेले डास निघाले. रॉस दोन वर्षे ज्या डासांची चिरफाड करीत होते ते या जातीचे नव्हतेच. हे ठिपकेवाले डास हुसेन खान नावाच्या रोग्याला चावविण्यात आले. डासामागे एक आणा असा भाव त्याला मिळाला. त्यांतल्याच एका डासात ते जंतू सापडले. कलकत्त्याच्या कामात महंमद बक्ष हा मदतनीस होता. हुसेन खान आणि महंमद बक्ष यांची नावे तरी उरली. ज्याने कुठल्या तरी डबक्यात वाकून नेमक्या अळ्या बाटलीत भरल्या, त्याचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. मी रॉस यांची थोरवी कमी करू इच्छीत नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी जे कष्ट उपसले ते अचाट होते. परंतु पाण्याकडे पाहण्याचे काम आणि काचेतून पाहण्याचे काम ही एकाच शोधाची दोन टोके आहेत, आणि त्यांतल्या एका टोकाची मजुरी आण्यात मोजली गेली, हेही इतिहासाने लक्षात ठेवावे.

आता आपल्या मुलुखात येऊ. वऱ्हाडात एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे इंग्रजांची छावणी होती. तेथे विल्यम ग्लेन लिस्टन या डॉक्टरांनी वर्षभर डास पाहिले. कोणती जात कुठल्या पाण्यात अंडी घालते, कधी वाढते, घरात कुठे बसते, याची टिपणे त्यांनी १९०१ साली वैद्यकाच्या एका मासिकात छापली. त्यात एका नव्या जातीचे वर्णन होते. स्टीफन्स नावाच्या हिवताप-संशोधकाच्या सन्मानार्थ तिचे नाव ‘अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी’ असे ठेवले गेले. ज्या डासाने पुढे मुंबईला शतकभर सतावले त्याची पहिली नोंद अशी वऱ्हाडात झाली. हेच लिस्टन नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत आले आणि प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे दाखवून देण्यात १९०५च्या सुमारास त्यांचा मोठा वाटा होता. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे १८९७ साली प्लेगाच्या साथीतच गेले. त्या वेळी पिसू हे नाव कोणाच्या ओठांवर नव्हते. चार-आठ वर्षांचे अंतर, पण त्या अंतरात हजारो माणसे गेली. बारीक जीवांकडे वेळेवर पाहणे हा रिकामटेकड्यांचा छंद नसतो तो यासाठी.

दुसरे उदाहरण गोव्याच्या सरहद्दीवरचे. साताऱ्यात १८५१ साली जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकन हे जकात आणि मीठ खात्यातले अधिकारी. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ साली झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी ते पशुपक्ष्यांवर खुसखुशीत लेख लिहीत. गोव्याच्या सरहद्दीवर जकात नाक्यांवरचे शिपाई हिवतापाने जर्जर होत, म्हणून तिथे डासांचा तपास करण्याचे काम सरकारने त्यांच्याकडे सोपविले. त्या तपासात डासाची एक नवीच जात सापडली. सावलीतल्या, जंगलातल्या झऱ्यांत वाढणारी. तिला एटकन यांचेच नाव मिळाले. श्रोत्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाक्यांवरचे शिपाई आजारी पडले आणि जकातीचे काम अडू लागले, तेव्हा झऱ्यातल्या अळ्या पाहण्याची सरकारला निकड भासली. राज्यकर्त्यांची जिज्ञासा पुष्कळदा अशी हिशेबाच्या वहीतून जागी होते. पण जागी झाली की तिचा उपयोग सर्वांना होऊ शकतो.

मुंबईत नेमके हेच घडले. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०५ ते १९१४ या काळात, अलेक्झांड्रा गोदी बांधली जात होती. तिलाच आज आपण इंदिरा गोदी म्हणतो. बंदराच्या आणि फोर्टच्या भागात हिवतापाने उचल खाल्ली. १९०९ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांना चौकशीसाठी नेमण्यात आले आणि १९११ साली त्यांचा अहवाल निघाला. लोकांची बोटे दलदलीकडे आणि खाडीकडे होती. बेंटली यांनी बोट दाखविले ते घराच्या अंगणाकडे. गुन्हेगार होता लिस्टन यांनी अचलपुरास पाहिलेला स्टीफेन्सी डास, आणि त्याचे पाळणाघर होते विहिरी, टाक्या आणि हौद. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी शहराची गत झाली होती.

या विहिरी आल्या कुठून? मुंबई बेटाला नदी नाही. पूर्वी सगळा गाव विहिरी-तळ्यांवर जगत असे. १८६० साली विहारचे पाणी नळाने आले, १८७९ साली तुळशीचे, १८९२ साली तानशाचे. नळ आला, पण विहीर उरली. कुठे पुरवठा तुटपुंजा म्हणून, कुठे धर्मकृत्यासाठी, कुठे केवळ वाडवडिलांची म्हणून. उपसा कमी झाला आणि पाणी स्थिर झाले. स्टीफेन्सीला असेच पाणी लागते. स्वच्छ, सावलीतले, न हलणारे, आणि ज्यात त्याचा शत्रू नाही असे. नवे पाणी आणताना जुन्याची व्यवस्था न लावल्याचा हा परिणाम होता.

बेंटली यांनी विहिरी बुजवाव्या किंवा पक्क्या झाकाव्या असे सुचविले. महापालिकेने नोटिसा काढल्या आणि शहरात मोठा वाद उसळला. विहिरीचे पाणी सूर्यप्रकाशात असले पाहिजे, अशी पारशी बांधवांची धर्मभावना. हिंदू आणि जैनांचीही विधींना लागणारी विहीर असे. कोणी कळविले की आमच्या विहिरीत देवता वास करते, ती कोपेल. हे अर्ज ज्यांच्या टेबलावर येत ते महापालिकेचे चिटणीस रुस्तुम पेस्तनजी मसानी पुढे मुंबईचे आयुक्तही झाले. त्या अर्जांनी त्यांचे कुतूहल इतके चाळविले की १९१८ साली त्यांनी विहिरींच्या लोककथांवर आणि जलपूजेवर एक अख्खे पुस्तक इंग्रजीत लिहिले. दप्तरातल्या कटकटीतून ग्रंथ निर्माण होण्याचे असे उदाहरण आपल्या शहरात विरळा. अखेरीस काही विहिरी बुजल्या, काहींना जाळीचे दार ठेवलेली झाकणे बसली. १७२५ सालची भिखा बेहराम विहीर चर्चगेटजवळ आजही आहे आणि समुद्र इतका जवळ असूनही तिचे पाणी गोडे आहे.

या वादाकडे आज कसे पाहावे? अर्जदारांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या घराला नळाचा भरवसा नव्हता त्याने विहीर बुजवू न देणे हा शहाणपणाच होता. आणि श्रद्धेला वाट काढून देणारी झाकणे निघाली हेही चांगलेच झाले. मला खुपते ते निराळेच. विहीर राखणाऱ्यांकडे अर्ज लिहिणारा वकील होता, कागद होता, महापालिकेत बोलणारे सभासद होते. गोदीच्या कामावर घाटावरून आणि कोकणातून आलेल्या हमालाकडे यातले काहीच नव्हते. तो तापाने फणफणला तर गावी निघून जाई, किंवा इथेच मातीआड होई. म्हणून त्या काळच्या कागदपत्रांत विहिरींची बाजू भरपूर सापडते, हिवतापाने गेलेल्या मजुराची बाजू सापडत नाही. इतिहास लिहिणाऱ्याने कागद वाचावा, आणि ज्यांच्याकडे कागदच नव्हता त्यांचीही आठवण ठेवावी.

वांद्रे त्या वेळी मुंबईबाहेर होते. माहीमच्या खाडीअलीकडे नगरपालिका निराळी, त्यामुळे शहरातला विहिरींचा हुकूम इथल्या चुईम, पाली, रानवार या गावठाणांपर्यंत पोहोचला नाही. १९५० साली वांद्रे बृहन्मुंबईत सामील झाले. त्याच सुमारास डीडीटी आले. १९५३ साली देशात हिवताप नियंत्रणाचा, १९५८ साली निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि साठीच्या आरंभी रोगी इतके कमी झाले की रोग संपलाच असे वाटू लागले. पण डास डीडीटीला सरावले, गावचा कार्यक्रम शहरातल्या टाक्यांना लागू पडेना, दक्षता सैलावली, आणि १९७६ साली देशात सुमारे ६४ लाख रोग्यांची नोंद झाली. शहरांसाठी १९७१ साली वेगळी योजना करावी लागली होती ती याच स्टीफेन्सीमुळे.

पुढे वांद्र्याच्या पूर्वेला, मिठी नदीच्या काठच्या पाणथळ जमिनीवर, सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून व्यापारी संकुलाची उभारणी सुरू झाली. उपनगरात सगळीकडेच इमारती उठू लागल्या. बांधकामाचे तंत्र ज्यांना ठाऊक आहे त्यांना यापुढचे सांगायला नको. स्लॅब ओतला की तो मुरावा म्हणून त्यावर मातीची आळी करून पाणी भरून ठेवतात. सात दिवस, चौदा दिवस, कधी जास्त. डासाच्या अंड्यापासून पंख फुटेपर्यंत उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस लागतात. सिमेंटच्या गरजेचे आणि डासाच्या वाढीचे दिवस असे जुळतात. शिवाय लिफ्टचा खड्डा, तळघर, पाण्याची पिंपे आहेतच. आणि त्याच इमारतीच्या पायथ्याशी, पत्र्याच्या खोल्यांत, मजुरांची बिऱ्हाडे असतात. २०१० साली मुंबईत हिवतापाची मोठी साथ आली. शंभराहून अधिक माणसे दगावली. तेव्हा पुष्कळ ठिकाणी ऐकू येई की हे परप्रांतातले मजूर ताप घेऊन आले. जंतू माणसाच्या रक्तातून प्रवास करतो हे खरे आहे. पण डास त्या मजुराच्या गाठोड्यातून येत नाही. तो आळ्यातल्या पाण्यात निपजतो, आणि ते आळे मजुराने आपल्या हौसेने केलेले नसते. मजुराला गुन्हेगार ठरविणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

संघटनेच्या कामात मी अशा पुष्कळ जागा पाहिल्या आहेत. एका कामावर तापाने चार दिवस पडलेल्या माणसांची मजुरी कापली गेली, आणि त्याच कामावर तळघरात गुडघाभर पाणी महिनाभर उभे होते. १९९६ सालच्या बांधकाम कामगारांच्या कायद्याने पिण्याचे पाणी, राहण्याची जागा या गोष्टी मालकावर बंधनकारक केल्या. ज्या कामावर नळाचे पाणी वेळेवर मिळते तिथे पिंपे भरून ठेवावी लागत नाहीत. म्हणजे कामगाराचा हक्क आणि शेजारच्या सोसायटीचे आरोग्य या दोन गोष्टी एकाच नळाला जोडलेल्या आहेत. हे रहिवाशांना पटले तर अर्धे काम झाले.

येथे तळ्याविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. डास झाले की तळी आणि पाणथळी बुजवा, अशी मागणी हमखास होते. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक यांची नावे उरली आणि पाणी गेले. त्यामुळे मुंबईतला हिवताप काही गेला नाही. कारण उघड आहे. ज्या पाण्यात मासे आहेत, पाणविंचू आहेत, चतुरांच्या अळ्या आहेत, त्यात डासाच्या अळीचे जगणे कठीण असते. ही शिकारी मंडळी सावकाश वाढतात. त्यांना टिकाऊ पाणी, काठचे गवत, पाणवनस्पती लागतात. डास मात्र घाईचा गडी. कालच्या पावसाने भरलेल्या टायरात, परवा बांधलेल्या हौदात तो सर्वांच्या आधी पोहोचतो आणि शत्रू येण्यापूर्वी उडून जातो. तळे मेले, त्यात सांडपाणी आणि कचरा गेला, की शिकारी मरतात आणि गटारातला डास तेवढा माजतो. म्हणून आपल्या वांद्र्याच्या तळ्यावर चतुर किती दिसतात हे पाहणे म्हणजे त्या पाण्याची नाडी पाहणे होय. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने आपली जुनी जागा मागून घेतली. त्या दिवसानंतर तरी पाणथळ जागेला वाया गेलेली जमीन म्हणू नये.

या कथेचा शेवट अजून झालेला नाही. २०१२ साली आफ्रिकेच्या जिबुतीमध्ये स्टीफेन्सी डास सापडला. नंतर इथिओपिया, सुदान असे देश त्याने गाठले. आफ्रिकेतला हिवताप मुख्यतः खेड्यांचा. या शहरी पाहुण्यामुळे तो शहरांतही पसरेल या भीतीने जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली इशारा दिला. अचलपूरच्या छावणीत प्रथम वर्णिलेला, मुंबईच्या विहिरींत वाढलेला हा डास आता तिकडच्या बांधकामांवरच्या टाक्यांत अंडी घालतो आहे. तिथल्या डॉक्टरांना आज जे प्रश्न पडले आहेत, ते १९११ साली बेंटली यांना पडले होते. आपल्या शहराचा अनुभव त्यांच्या कामी यावा इतका तो मोलाचा आहे.

तर मग करायचे काय? आठवड्यातून एक दिवस भांडी, पिंपे आणि टाक्या रित्या करून कोरड्या ठेवाव्या. अळीचे चक्र त्याने मोडते. टाकीचे झाकण घट्ट बसते की नाही हे स्वतः वर चढून पाहावे. शेजारी इमारत उठत असेल तर तिच्या तळघरातल्या पाण्याची चौकशी रहिवाशांनी करावी, आणि त्याच वेळी तिथल्या मजुरांना नळ मिळाला आहे का, हेही विचारावे. तळ्याच्या काठी मुलांना न्यावे आणि आडवी अळी कोणती, तिरकी कोणती, हे बोट ठेवून दाखवावे. आणि जो माणूस रोज गच्चीवर जाऊन झाकण उचलतो, अळी दिसली तर सांगत येतो, तो महापालिकेचा कामगार असो की सोसायटीचा पहारेकरी, त्याचे नाव वहीत लिहून ठेवावे. सिकंदराबादेच्या त्या माणसाच्या बाबतीत हे राहून गेले. आपल्याकडून राहू नये.